बिनसाखरेचा केळी-खजूर केक मधोमध गिच्च राहतो? आधी काटा काढा

वरून बघितलं तर केक अगदी दृष्ट लागण्यासारखा. छान फुगलेला, मधोमध एक चीर, कडा टिनपासून सुटलेल्या. टूथपिक टोचली तर कोरडी निघाली. गार केला, सुरी घातली, आणि अर्ध्यात गेल्यावर सुरी अडखळली. काप काढून आडवा ठेवला तर तळाशी बोटभर जाडीचा, करडा-तपकिरी, चकाकणारा थर. दाबला तर खरवसासारखा थुलथुलतो, खाल्ला तर टाळ्याला चिकटतो. वर जाळीदार केक आणि खाली गिच्च गोळा, जणू दोन वेगळे पदार्थ एकावर एक ठेवलेत.

एकदा झालं असतं तर विसरून गेले असते. पण बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली तेव्हापासून आमच्याकडे नेहमीचा केक बंद झाला. त्याच्या जागी केळी आणि खजूर घालून केलेला सुरू झाला. त्यानंतर आठ वेळा केला असेन, त्यातल्या पाच वेळा हा थर आला. बाबा बिचारे "छान झालाय गं, जरा शिऱ्याच्या वळणावर गेलाय एवढंच" म्हणत दोन तुकडे खायचे. सासूबाई स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, "वरचा केक मला दे, खालचा शिरा ह्यांना."

ज्यांचा केक असाच बसतो त्यांच्यासाठी लिहितेय. उत्तर सापडायला मला चार महिने आणि बरीच केळी लागली, आणि सापडलं ते भलत्याच ठिकाणी.

आधी कोणाकोणावर संशय घेतला

पहिला संशय अर्थातच ओटीजीवर, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर. आत कच्चा राहिला, म्हणजे वेळ कमी पडला असणार. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं जास्त ठेवला. कडा बेकरीतल्या बटरसारख्या कडक झाल्या, वरचा पापुद्रा काळपट पडला, आणि खालचा थर जिथल्या तिथे. त्यानंतर ओव्हनचा थर्मामीटर आणला. आमचा ओटीजी 180 वर लावला की आत 200 च्या पुढे जातो हे तेव्हा कळलं. ही माहिती उपयोगाची होती, पण थर काही गेला नाही.

मग सोडा. केक जड होतोय तर उचलायला सोडा वाढवावा, असं साधं गणित केलं. अर्ध्या टीस्पूनचा एक केला. केक ओटीजीत भराभरा वर आला, काचेतून बघून मी खूशसुद्धा झाले, आणि बाहेर काढल्यावर पाचव्या मिनिटाला मध्ये हा एवढा खड्डा. चवीला साबणासारखा, रंगाला लालसर तपकिरी. थर होताच, फक्त आता खड्ड्याच्या आकाराचा.

तिसरा संशय माझ्या हातावर. जास्त फेटलं गेलं का? पुढच्या खेपेला पीठ जेमतेम ओलं होईल एवढंच हलवलं. केक थोडा हलका झाला खरा, पण थर पातळ झाला इतकंच.

या सगळ्यात एक गोष्ट मी लक्ष देऊन करत नव्हते: तो थर चाखणं. एकदा नुसता थर सुरीने सोडवून खाल्ला. कच्च्या पिठाला एक पिठूळ, खडूसारखी चव असते, भाकरी आत कच्ची राहिली की लागते तशी. इथे ती अजिबात नव्हती. हा थर कच्चा नव्हताच. पूर्ण शिजलेला होता. म्हणून तर टूथपिक कोरडी निघत होती! सुती साडीला खळ करताना पीठ जास्त पाण्यात शिजवतो आणि ते पारदर्शक, चिकट होतं, तसंच हे झालं होतं. पिठाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मिळालं, ते सगळं पिऊन पीठ फुगलं आणि खळ झाली. शिजून झालेल्या खळीला आणखी पंधरा मिनिटं उष्णता दिली तरी तिचा केक होत नाही.

म्हणजे प्रश्न पाण्याचा. पण मी पाणी घातलंच कुठे होतं?

काट्यावर ठेवलेला हिशेब

इथे वही काढली. माझा जुना, साखरेचा केळ्याचा केक असा होता: मैदा 150 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, कुस्करलेलं केळं 200 ग्रॅम, दही 60 ग्रॅम, तेल 60. बिनसाखरेचा करताना मी साखर काढली, गोडी भरून निघावी म्हणून केळी दुप्पट केली, म्हणजे 400 ग्रॅम, आणि 100 ग्रॅम खजूर अर्धा कप दुधात भिजवून वाटून घातला. दही, तेल, पीठ तेवढंच. कागदावर अगदी निरागस बदल वाटतो.

आता त्यातलं पाणी मोजू. केळ्याच्या गराचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतं. जुन्या कृतीत केळ्यांतून 150 ग्रॅम आणि दह्यातून पन्नासेक, मिळून 200 ग्रॅमच्या आसपास. नव्या कृतीत केळ्यांतून 300, दह्यातून 50, दुधातून शंभरच्या वर, खजुरातून वीसेक. झाले पावणेपाचशे. पीठ मात्र 150 चं 150. म्हणजे त्याच पिठावर मी दुपटीहून जास्त पाणी ओतत होते, तेही एक थेंब "पाणी" न घालता.

आणि वर साखर गेलेली. साखरेला आपण फक्त गोडीसाठी ओळखतो, पण केकमध्ये तिची गोडी हे तिचं सगळ्यात लहान काम. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पिठाला ते सगळं एकदम पिता येत नाही. एरवी गव्हाचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या सुमारास फुगायला लागतो. भरपूर साखर असली की हे तापमान बरंच वर सरकतं, केकला वर यायला उसंत मिळते आणि मग तो बसतो. साखर ग्लुटेनलाही, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनालाही, फार ताणू देत नाही, म्हणून केक भुसभुशीत होतो. लोण्यात साखर फेटली की तिच्या कणांबरोबर हवा शिरते, तीही तिचीच करामत. रंग आणि दुसऱ्या दिवशीची मऊ ओल हीसुद्धा बरीचशी तिच्यामुळे.

केळी आणि खजुरात साखर असतेच, पण किती? पिकलेल्या केळ्यात शंभर ग्रॅमला बारा ग्रॅमच्या आसपास, खजुरात पासष्टच्या आसपास. माझ्या नव्या कृतीत दोन्ही मिळून एकशे दहा-पंधरा ग्रॅम. जुन्या कृतीत घातलेली 150 आणि केळ्यांतली वीसपंचवीस. म्हणजे पाणी दुप्पट झालं आणि ते बांधून ठेवणारी साखर एक तृतीयांश कमी झाली. मग गिच्च नाही होणार तर काय होणार.

त्यात कृतींमध्ये लिहिलेलं असतं "तीन केळी". कसली तीन केळी? जळगावचं एक मोठं केळं सोलून माझ्या काट्यावर 120 ग्रॅम भरलं. वेलची केळं पन्नासच्या आतच. तीन जळगावी म्हणजे 360 आणि तीन वेलची म्हणजे 140. मधल्या तीन वेळा माझा केक जमला होता तो कसा, याचंही उत्तर इथेच मिळालं: त्या तीन वेळा घरी वेलची केळी होती. मी उगाच ते श्रेय नव्या टिनला देत होते.

धोंडस

हिशेब कळला, पण करायचं काय? केळी कमी केली तर केक सपक. पीठ वाढवलं तर दडस. या विचारात असताना रत्नागिरीच्या मावशीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "अगो, तवसाचं पाणी आटवल्याशिवाय धोंडस कधी केलंय का आपण?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तवसं म्हणजे कोकणातली मोठी, पिकत आलेली काकडी आणि धोंडस म्हणजे तिचा केक. तांदळाचा रवा किंवा कण्या भाजून घ्यायच्या, किसलेलं तवसं त्याच्या सुटलेल्या पाण्यासकट आणि गूळ एकत्र करून कढईत शिजवायचं, गोळा कडा सोडायला लागला की पातेल्यात थापायचं आणि मग खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. काकडीत केळ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी. तरी धोंडस कधी गिच्च होत नाही, कारण ते पाणी आधी कढईत आटलेलं आणि रव्याने प्यायलेलं असतं. निखाऱ्यांवर जातो तो जवळजवळ शिजलेला, घट्ट गोळा. निखाऱ्यांचं काम फक्त खमंगपणा आणि रंग.

मी ओटीजीकडून दोन कामं एकदम मागत होते, पाणी उडवणं आणि केक फुगवणं. पहिलं कढईचं काम होतं.

आता जमतो तो असा

7 इंची गोल टिनसाठी माप देते. सगळं काट्यावर. काटा नसेल तर आधी काटा घ्या, नवीन टिन नंतर.

सोललेली, सालीवर भरपूर काळे ठिपके आलेली केळी 300 ग्रॅम. जाड बुडाच्या कढईत एक टीस्पून तूप घालून कुस्करलेली केळी मध्यम आचेवर परतायला घ्या. लोखंडी कढई नको, केळं काळं पडतं. पहिली तीन-चार मिनिटं काही होत नाही असं वाटतं, उलट केळं जास्तच पातळ होतं. मग ते फटफट उडायला लागतं, तेव्हा हात सांभाळा, हे चटके वाईट असतात. साताठ मिनिटांनी आवाज बदलतो. फटफटीच्या जागी बारीक चुरचुर, रंग मलईवरून सुकेळ्यासारखा तपकिरी, आणि वास असा की शेजारच्या काकू विचारतात काय चाललंय. उलथन्याने मधोमध रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की गॅस बंद. परत काट्यावर: 300 चे 200 व्हायला हवेत. 230 असतील तर आणखी दोन मिनिटं. हे वजन नीट बघा, अंदाजावर जाऊ नका, कारण गरम केळं आटल्यासारखं दिसतं आणि फसवतं.

दुसरीकडे बिया काढलेला मऊ खजूर 100 ग्रॅम, त्यावर पाव टीस्पून खायचा सोडा आणि 40 मिलिलिटर, म्हणजे पावणेतीन टेबलस्पून, उकळतं पाणी. झाकून पंधरा मिनिटं. सोड्याने साली विरघळल्यासारख्या मऊ होतात, म्हणून एवढ्याशा पाण्यात भागतं. एरवी खजूर बुडेपर्यंत दूध घालायची माझी सवय हाच अर्धा घोळ होता. पाण्यासकट वाटा. भिजवलेलं पाणी टाकू नका, त्यात गोडी आहे.

केळं पूर्ण गार झाल्यावर त्यात खजुराची पेस्ट, 60 ग्रॅम तेल किंवा पातळ केलेलं तूप, आणि 40 ग्रॅम घट्ट दही. अंडं चालत असेल तर दह्याच्या जागी एक अंडं घाला, पाण्याचं माप जवळपास तेच राहतं आणि केक जास्त हलका होतो. केळं कोमट असताना पुढे गेलात तर बेकिंग पावडर भांड्यातच काम सुरू करते.

पीठ 160 ग्रॅम: 120 कणीक आणि 40 ज्वारीचं पीठ. ज्वारी का ते पुढे सांगते. त्यात दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, वेलची आणि जायफळ, सगळं दोनदा चाळून. टीस्पून म्हणजे मापाचा, सपाट केलेला. पोह्यांच्या चमच्याने मोजलेला सोडा हा वेगळाच विषय आहे. ओलं आणि कोरडं एकत्र करताना पीठ दिसेनासं झालं की थांबा. मूठभर अक्रोड शेवटी.

मिश्रण बघून घाबराल. नेहमीच्या केकसारखं रिबिनीसारखं ओघळणार नाही. भज्यांच्या पिठापेक्षाही दाट, चमच्यातून धबकन पडणारं. इथेच हात दुधाच्या पिशवीकडे जातो. जाऊ देऊ नका. टिनमध्ये घालून ओल्या चमच्याने सारखं करा. जाडी दोन-अडीच सेंटिमीटर भरेल, त्याहून जास्त नको.

ओटीजी 170 ला, दोन्ही कॉइल चालू, जाळी मधल्या खाचेत, पस्तीस ते चाळीस मिनिटं. पंचवीस मिनिटांनी वर रंग चढला असेल तर फॉइल हलकेच झाका. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 अंशांच्या आसपास बघा, टूथपिकवर या केकपुरता माझा विश्वास उडालाय. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर. टिनमध्येच तासभर राहिला तर वाफ खालीच जिरते आणि तळ पुन्हा ओला होतो. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. आमच्या घरात हा नियम पाळायला मला केक बाल्कनीत लपवावा लागतो.

या मापात पाणी किती होतं ते मोजून बघितलं: 160 ग्रॅम पिठाला साधारण 220. जुन्या साखरेच्या केकचं प्रमाणही जवळपास हेच होतं.

थर गेला, पण दुसरंच काही बिघडलं

*रबरासारखा, ओढला जाणारा.* नुसत्या कणकेचा केला की असं होतं. साखर नसल्यामुळे ग्लुटेनला आवरणारं कोणी नाही, आणि आपण पोळीची कणीक मळल्यासारखं हलवत राहतो. म्हणून ती ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पाव हिस्सा ज्वारी घातली की पोत एकदम सुटा होतो. नाचणीही चालते, रंग मात्र गडद येतो. ज्वारी तिसऱ्या हिश्शाच्या वर नेली तेव्हा केक हातात भुगा झाला, तेव्हा लोभ नको.

*वरून काळा, आत जेमतेम.* फळांतल्या साखरेत फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा कमी तापमानाला रंग धरतं. त्यामुळे नेहमीच्या केकचं 180 इथे जास्त होतं. दहा अंश उतरवा, फॉइल हाताशी ठेवा. गडद रंगाचा टिन असेल तर तळही लवकर करपतो, खाली बटर पेपरचे दोन गोल घाला.

*मध्ये खड्डा.* सोडा किंवा पावडर जास्त, नाहीतर पहिल्या पंचवीस मिनिटांत दार उघडलं. दुसरं कारण आमच्याकडे मुलगा.

*साबणासारखी चव.* सोडा. केळं फार आंबट नसतं, त्यामुळे भरपूर सोड्याला मारायला त्यात पुरेसं आम्ल नाही. पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, फुगवायचं काम बेकिंग पावडरवर सोपवा. पावडर जुनी वाटत असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, खळखळून फेस आला नाही तर डबा फेकून द्या.

*मिळमिळीत.* हा तक्रारींतला सगळ्यात रास्त मुद्दा. पहिलं, केळं पुरेसं पिकलेलं नव्हतं. कच्च्या केळ्यात स्टार्च असतो, तो पिकताना साखर होतो, पिवळंधमक केळं दिसायला छान पण केकसाठी अजून दोन दिवसांनी लहान. दुसरं, मीठ विसरलात. तिसरं, जायफळात कंजुषी. पुरणात आपण जायफळ का घालतो हे या केकनंतर मला नव्याने कळलं, गोडी वाढत नाही पण वाढल्यासारखी वाटते. आणि फ्रिजमधला गारढोण तुकडा खाऊन गोड नाही म्हणू नका, थंड पदार्थाची गोडी जिभेला कमीच कळते. तव्यावर तुपाच्या थेंबावर परतून खा आणि मग बोला.

साखरेऐवजी वापरतात त्या गोडीच्या गोळ्या किंवा स्टीव्हिया घालून सोपं होईल का, असं माझ्या नणंदेने विचारलं होतं. गोडी येईल, पण साखरेची बाकीची कामं कोण करणार? चिमूटभर पावडर 150 ग्रॅम साखरेची जागा भरत नाही. शिवाय अ‍ॅस्पार्टेम असलेल्या गोळ्यांची गोडी भट्टीत टिकत नाही, त्या चहातच ठीक.

केळ्याखजुराऐवजी दुसरं काही

वसईची सुकेळी मिळाली तर खजूर विसरा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली, वरून एक दाणा साखर नाही, आणि चव अशी की मधासारखी गोडी आणि मागे हलका आंबटपणा. आटवायचं काम सूर्याने आधीच केलेलं. खजुराइतक्याच वजनाची घ्या, बारीक चिरा, गरम पाण्यात अर्धा तास ठेवा कारण ती चिवट असतात. या केकमधला मी केलेला सगळ्यात चांगला केक सुकेळ्यांचा होता. महाग पडतात, म्हणून वर्षातून एकदा.

सफरचंद किसून पिळायचं आणि निघालेला रस टाकून न देता आटवून परत घालायचा. सफरचंदात पाणी केळ्यापेक्षाही जास्त, न पिळता घातलंत तर तळाशी परत खरवस. चिकू अप्रतिम, फक्त नीट पिकलेला घ्या, अर्धवट पिकलेल्याचा चीक भाजल्यावरही घशाला लागतो.

आंब्याचं जरा सविस्तर सांगते कारण मे महिन्यात सगळ्यांना तोच केक करायचा असतो. हापूसचा रस केळ्यापेक्षा पातळ, त्यात पाणी ऐंशी टक्क्यांच्या पुढे. 300 ग्रॅम रसाचे 150 होईपर्यंत आटवा, आणि सतत हलवत राहा, तो केळ्यापेक्षा पटकन तळाला लागतो. आटवलेल्या रसाला आंबटपणा जाणवतो, तेव्हा खजूर 20 ग्रॅम वाढवा. डब्यातला रस वापरणार असाल तर डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच डब्यांत साखर आधीच घातलेली असते. मी एकदा न वाचता आणला आणि बाबांना मोठ्या अभिमानाने "आंब्याचा, बिनसाखरेचा" म्हणून खिलवला. डबा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकताना वाचला. तो प्रसंग इथेच सोडू.

अननसाच्या वाटेला जाऊ नका. आंबट, पाणीदार, आणि साखरेशिवाय त्याचा केक मला एकदाही जमलेला नाही.

मधुमेहवाल्यांच्या घरी

हे केकच्या बिघाडात मोडत नाही, पण न सांगता पुढे गेले तर बरं वाटणार नाही. बिनसाखरेचा म्हणजे साखर नसलेला असा अर्थ आमच्या घरी सुरुवातीला सगळ्यांनी काढला होता, त्यात मीही. वरच्या मापात केळी आणि खजूर मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास साखर जाते. दहा तुकडे केले तर एकेकात दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. वर पिठातला स्टार्च आहेच. जुन्या केकपेक्षा बरंच कमी, आणि फळांचा चोथाही पोटात जातो, पण शून्य नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या मार्गदर्शक सूचना तर आणखी कडक आहेत: साखरेची जागा भरायला सुकवलेल्या फळांचा लगदा किंवा आटवलेला रस घातला असेल, तर पाकिटावर "साखर घातलेली नाही" असं म्हणता येत नाही. म्हणजे माझा केक दुकानात ठेवला असता तर नाव बदलावं लागलं असतं.

आम्ही बाबांच्या डॉक्टरांना विचारून एक तुकडा, तोही जेवणानंतर लगेच नाही तर चार वाजता चहाबरोबर, असं ठरवलंय. चहा बिनसाखरेचा. तुमच्या घरचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या केकला नाही.

ओटीजी नसेल, आणि पावसाळा असेल

कुकरमध्ये करता येतो. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मिठाचा थर, वर स्टँड, दहा मिनिटं तापवून मग टिन, मंद आचेवर पन्नासेक मिनिटं. पण कुकरमध्ये वाफ कोंडते, म्हणून केळं 200 ऐवजी 180 ग्रॅमवर आणा आणि दही निम्मं करा. वरून रंग येत नाही तो नाहीच. मावशी यावर झाकणावर निखारे ठेव म्हणते, पण ठाण्यात आठव्या मजल्यावर निखारे कुठून आणू?

टिकण्याचं म्हणाल तर साखरेचा केक डब्यात तीन-चार दिवस आरामात राहतो, हा नाही. साखर कमी आणि ओल मोकळी, त्यामुळे बुरशीला आमंत्रण. जुलैत ओट्यावर ठेवलेला केक तिसऱ्या दिवशी सकाळी आंबूस वास मारत होता आणि तळाला पांढरे ठिपके होते, सगळा टाकला. आता करते त्याच दिवशी संध्याकाळपुरता बाहेर ठेवते, दोन दिवसांचा फ्रिजमध्ये, आणि उरलेल्याचे काप मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये. दुपारी साडेतीनला एक काप बाहेर काढला की चारपर्यंत तव्यावर टाकण्याइतका मऊ होतो.